स्मिताचं पहिलं रक्त

सात महिन्यांची स्मिता पांढरीफटक पडली, तेव्हा विनया आणि रघुवीर तिला चंदीगडच्या मोठ्या इस्पितळात घेऊन आले. साल १९७४. निदान झालं थॅलेसेमियाचं. रघुवीर सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत इंजिनिअर होता, मूळचा साताऱ्याकडचा. रक्तविकार विभागातल्या डॉक्टर शैलजा मराठी निघाल्या, एवढाच त्या दिवशी दोघांना आधार.

"जन्मली तेव्हा छान गुटगुटीत होती हो," विनया म्हणाली. "ते रक्त गेलं कुठे?"

शैलजाने कागद पुढे ओढला. पोटातल्या बाळाचं रक्त घडवणारं जनुक वेगळं असतं. जन्मानंतर ते हळूहळू बंद होतं आणि मोठ्या माणसाचं जनुक काम हाती घेतं. स्मिताला आई आणि वडील, दोघांकडूनही हे दुसरं जनुक बिघडलेलंच मिळालं होतं.

"आणि पहिलं? ते नाहीसं होतं?"

"नाही. असतं तिथंच. फक्त गप्प."

"मग त्याला बोलतं करा ना."

"कसं करायचं, ते अजून कुणालाच ठाऊक नाही."

मग दर महिन्याला रक्त चढवणं सुरू झालं. रघुवीरचे सहकारी पाळीपाळीने रक्त द्यायचे. स्मिताला मराठी समजे, पण ती शैलजाशी हिंदीतच बोले.

"मौसी, आज किसका खून है?"

"ग्रेवाल अंकलचं."

"फिर तो आज मैं पंजाबी बोलूँगी!"

शैलजा एकटी राहायची. महिन्यातल्या त्या दिवसाची ती वाट पाहू लागली. स्मितासाठी ती टेबलाच्या खणात लिमलेटच्या गोळ्या ठेवायची.

पण बाहेरच्या रक्तातलं लोह शरीरात साठत गेलं आणि हृदय थकलं. १९८१च्या डिसेंबरात, आठव्या वर्षी, स्मिता गेली.

त्यानंतर सव्वा वर्षाने, मार्चमध्ये, अमेरिकेतलं एक वैद्यकीय नियतकालिक बोटीच्या टपालाने आलं. शैलजा ग्रंथालयात उभ्या उभ्याच वाचू लागली. जनुकावर बारीक रासायनिक खुणा चिकटतात. जनुक बदलत नाही, पण बंद राहतं. एका औषधाने त्या खुणा कमी केल्या, तेव्हा थॅलेसेमियाच्या एका प्रौढ रोग्याच्या शरीरात बाळपणीचं रक्त पुन्हा तयार होऊ लागलं. तिने खुर्ची ओढली आणि बसून तेच पान परत वाचलं.

रघुवीरची पुण्याला बदली झाली होती. दोन दिवसांत ती दोघं निघणार होती. सांगावं की नाही, या विचारातच शैलजा त्यांच्या क्वार्टरवर पोचली. घरभर खोकी पडली होती. तिने सगळं सांगितलं.

विनया बराच वेळ सुतळी गुंडाळत राहिली. "मला कशाला सांगितलंत हे, शैलजाताई?"

"दुसरं कुणाला सांगू?"

"आपण ते औषध देऊ शकलो असतो?"

"नाही गं. फार जहाल आहे. आजही मुलांना द्यायला मी धजणार नाही. एकाच माणसावर करून पाहिलंय."

"पण तिचं ते चांगलं रक्त... ते जनुक... शेवटपर्यंत तिच्यात होतं?"

"होतं."

विनया तिथेच खोक्यावर बसून रडली. शैलजाही रडली, नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या घरात.

रघुवीर दारात येऊन उभा होता. "मला वाटायचं, आम्ही तिला नुसतं वाईटच दिलं," तो म्हणाला. एवढंच बोलून तो आत जाऊन भांडी भरू लागला.

"मराठीत लिहून द्याल?" विनयाने विचारलं. "पुण्यात हे कुणाशी बोलायचं झालं तर मला शब्द सापडायचे नाहीत."

शैलजाने दोन पानं लिहून दिली. ती दोघं गेल्यावर तिने स्वतःची बदली त्याच जनुकावर काम करणाऱ्या विभागात मागून घेतली. विनयाची पत्रं दिवाळीला येत. त्या दिवसांत पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली की शैलजाला आधी स्मिताचं "आज किसका खून है?" आठवायचं आणि मग ती दार उघडायची.