काठावरची खुर्ची

ग्रेचेन आल्डस बाईंनी शाळेच्या वाचनालयात आल्या आल्या पहिलं काम काय केलं असेल, तर एक खुर्ची ओढून टेबलाशी लावली आणि ती रिकामी ठेवली.

"इथे कुणी बसायचं नाही," त्या मधाळ आवाजात म्हणाल्या. "इथे ते मूल बसलंय."

सगळ्यांनी खुर्चीकडे पाहिलं. ब्रिग्ज मिल्स गावची माणसं मोठी सभ्य. सुतारकाम शिकवणाऱ्या रोलंड थिबोडोने तर त्या न दिसणाऱ्या मुलाकडे बघून मानही डोलावली.

गावात कागदाची गिरणी चालू होती तोवर हायस्कूलच्या डिप्लोम्याची चौकशी कुणी केली नव्हती. चार वर्षं वर्गात बसलात, वर्गाला आग लावली नाहीत, की जूनमध्ये झगा आणि चौकोनी टोपी घालून मंचावरून चालत जायचं. गिरणी बंद पडल्यावर राजधानीत कुणाला तरी वाटलं, पोरांना खरंच काही येतं का ते बघायला हवं. मात्र किती आलं म्हणजे पुरे, ते ज्या त्या गावाच्या शाळामंडळाने ठरवायचं. आणि ते ठरवायचं कसं, हे शिकवत आल्डस बाई गावोगाव हिंडायच्या. बरोबर कुलूपबंद पेटी, पिवळ्या कागदाच्या पट्ट्या, आणि दाढ काढण्याआधी डॉक्टरांच्या चेहऱ्यावर असतं तसं हसू.

पासाची रेघ ठरवणाऱ्या समितीत ऑड्रा पेलकी होती. ती जीवशास्त्र शिकवायची. तिची मुलगी कोरा यंदा अकरावीत जाणार होती, आणि नवी रेघ पहिल्यांदा लागणार होती ती कोराच्याच तुकडीला. ज्याचं पोर त्या तुकडीत आहे त्याने समितीत बसू नये, असं कुणी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर समितीत एकटे पाद्रीबाबा उरले असते, आणि त्यांचीही पुतणी अकरावीतच जाणार होती.

"प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे लावलेत," आल्डस बाईंनी पुस्तिका वाटल्या. "वसंतात तुमच्या दहावीच्या मुलांकडून ही चाचणी करून घेतली, तिच्यावरूनच हा क्रम लावलाय. पेपरांवर नावं नव्हती, घाबरू नका. आता या खुर्चीतलं मूल डोळ्यांपुढे आणा. हुशार नाही, ढ नाही. काठावरचं. जेमतेम पास व्हावं असं तुम्हाला मनापासून वाटतं, ते. ते जिथवर पोचेल तिथे पट्टी घाला. तिथवर जो पोचेल त्याला डिप्लोमा."

"आणि नाही पोचला तर?" फे डूसेटने विचारलं. फेची नाक्यावर खाणावळ होती. गावाचं मत म्हणून तिला बोलावलं होतं.

"तर नाही," बाई हसून म्हणाल्या.

पहिल्या फेरीत पट्ट्या पुस्तिकाभर विखुरल्या. हे असंच होतं, म्हणे. मग बाईंनी सांगितलं, "आता त्या मुलाबद्दल बोला. नाव नको. कसं आहे ते?"

रोलंडने घसा खाकरला. "हाताला चांगलं असणार. खुर्ची बनव म्हटलं तर बनवेल. पण मोजमाप लिही म्हटलं की संपलं."

"खरंय," फे म्हणाली. "गिऱ्हाइकाचं बिल तोंडी चोख सांगेल. कागदावर मांड म्हटलं की तोंडाला कुलूप."

"वर्गात आडवं बसेल," फुटबॉलचे प्रशिक्षक म्हणाले, "एक पाय खुर्चीच्या दांडीत अडकवून."

"आणि बापाचं कॅनव्हासचं जाकीट," रोलंड खुर्चीकडे बघत म्हणाला. "बाह्या दुमडून. मेपासून ऑक्टोबरपर्यंत. सांगून थकलो, करवतीत अडकेल म्हणून."

बोलून झाल्यावर तो एकदम पुस्तिका चाळू लागला.

ऑड्राचा नवरा मालट्रकवर सहा-सहा आठवडे बाहेर असायचा. त्याचं जाकीट या घटकेला घरी, स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेलं होतं. कोरा गेले दोन उन्हाळे फेच्या खाणावळीत वाढपाचं काम करत होती. टेबलाभोवती सगळेजण ऑड्राकडे न बघण्याची इतकी काळजी घेत होते, की त्यापेक्षा बोट दाखवलं असतं तर बरं.

दुसऱ्या फेरीत पट्ट्या एकत्र आल्या. बाईंनी भिंतीवर दर पट्टीमागे एक ठिपका दाखवला. सगळे एका जागी, अगदी खाली, फेरीबोटीच्या वेळापत्रकाच्या प्रश्नापाशी. सकाळची बोट चुकली तर पुढची कोणती, एवढंच सांगायचं होतं.

दया होती ती. ऑड्राला कळत होतं. गाव मिळून तिच्या पोरीला हळूच उचलून रेघेच्या पलीकडे ठेवत होतं. तिने फक्त गप्प बसायचं होतं.

जेवून परत आले तेव्हा रिकामी खुर्ची जराशी आडवी झाली होती. झाडणाऱ्याने सरकवली असेल. कुणी ती सरळ केली नाही.

"शेवटच्या फेरीआधी कुणाला काही बोलायचंय?" बाईंनी विचारलं.

"मला," ऑड्रा म्हणाली. आपला आवाज एवढा चढेल असं तिला वाटलं नव्हतं. "बोटीचं वेळापत्रक? एवढंच? ते मूल बोलत नाही म्हणून तुम्ही त्याला बिनडोक ठरवलंत की काय? पुढचा तो पाण्याचा प्रश्न बघा. नळाच्या पाण्याबद्दल दोन अहवाल आहेत, एक कंपनीचा, एक नगरपालिकेचा. कोणावर विश्वास ठेवाल ते निवडा, तीन कारणं द्या. हे त्याला सहज येईल. ते सगळं वाचतं. सगळं बघतं. तुम्हाला सांगत नाही, एवढंच."

रोलंडने पाण्याच्या प्रश्नाचं पान उघडलं.

"खात्री आहे तुला, ऑड्रा?" फेने हळूच विचारलं.

"माझ्याइतकी खात्री कुणाला असणार?"

"अगं, नीट विचार कर."

"केला."

रोलंडने खांदे उडवले. "मग झालं तर. आपण कोण सांगणार?"

तिसऱ्या फेरीत एकूण एक पट्टी पाण्याच्या प्रश्नापाशी होती. आल्डस बाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. "इतक्या गावांत फिरले, पण असं एकमत कुठे पाहिलं नाही!" शाळामंडळाचे लामोंटेन साहेब तर उठूनच उभे राहिले, शेजारच्या गावापेक्षा आपली रेघ वर लागली, हे पेपरात कसं दिसेल ते त्यांना आत्ताच दिसत होतं. पट्ट्या पेटीत गेल्या, पेटीला कुलूप लागलं. मग बाईंनी रिकामी खुर्ची उचलून भिंतीशी रांगेत नेऊन ठेवली. बाकीच्या खुर्च्यांतून ती आता ओळखू येईना.

बाहेर गाड्यांपाशी फेने ऑड्राला गाठलं.

"आम्ही खालीच ठेवणार होतो गं. ठरवलं नव्हतं, पण सगळ्यांच्या मनात तेच. मग तूच म्हणालीस." ती किल्ल्या हातात खुळखुळवत राहिली. "आईपुढे आपण काय बोलायचं?"

"तुमचा अंदाज चुकला होता, फे."

"तसंच असू दे," फे म्हणाली. गाडीत बसताना तिने ऑड्राच्या दंडाला हात लावला, प्रेतयात्रेत लावतात तसा.

घरी कोरा स्वयंपाकघरात होती. खुर्चीवर आडवी, एक पाय दांडीत अडकवलेला. पुढ्यात वर्गाच्या अंगठ्यांचं रंगीत पुस्तक उघडं होतं. अकरावीत गेलं की या अंगठ्या मागवायच्या, ही गावाची जुनी रीत.

"आई, पाणी परत लाल यायला लागलंय," ती मान वर न करता म्हणाली. "जरा वाहू दे, मग भर."

ऑड्राने नळ सोडला. गंजलेल्या चहासारखी धार आली.

"वसंतातल्या त्या चाचणीत असंच होतं," कोरा म्हणाली. "दोन अहवाल. कुणावर विश्वास ठेवाल म्हणे."

ऑड्राचा हात नळावरच राहिला. सहीनिशी गुप्ततेची शपथ घेतली होती तिने. पण विचारलं. "मग? कोण निवडलंस?"

"कुणीच नाही. दोघंही खोटं बोलतायत असं लिहिलं आणि पेन्सिल ठेवली. पुढची पानं उलटलीसुद्धा नाहीत."

तपासनिसांसाठीची उत्तरं दुपारी ऑड्राच्या हाताखालून गेली होती. दोहोंपैकी एक निवडलंच पाहिजे. नाही तर शून्य. तिला ते अगदी योग्य वाटलं होतं.

"त्यातला एक निवडायचा असतो, राणी."

"का? नळ बघ की."

"पण परीक्षा म्हणजे... समज, पुढच्या वर्षी परत असंच काही विचारलं तर?"

"तर परत तेच लिहीन. खरं आहे ते." कोराने पान उलटलं. "हे बघ, निळा खडा बरा की हिरवा? एका बाजूला शाळेचं नाव कोरतात, दुसऱ्या बाजूला पास व्हायचं वर्ष."

धार अजून लालच होती.

"वर्ष एवढ्यात नको कोरायला," ऑड्रा म्हणाली.