हातभर कापलेलं जाळं

नकाशा काही केल्या सभागृहाच्या भिंतीवर टिकेना. एक कोपरा दाबला की दुसरा सुटायचा. शेवटी मास्तरच उठला, खिशातून सुतळी काढली आणि दोन खिळ्यांना नकाशा असा ताणून बांधला की मॅडम खूश!

"थँक्यू काका."

मग मागे सरून त्याने पाहिलं, तर नकाशावर लाल वर्तुळ. आणि वर्तुळाच्या आत त्याचंच पाणी, तो रोज जाळं टाकायचा ते.

मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे. हा मासेमार. चौथीतच शाळेला रामराम ठोकलेला. पण दोन वर्षांपूर्वी मत्स्य खात्याच्या याच मॅडमनी बंदरावर प्रत्येकाला एकेक वही दिली होती. जाळ्यात चुकून डॉल्फिन अडकला तर लिहून ठेवा, म्हणाल्या होत्या. ती वही खरोखर भरणारा हा एकटाच निघाला. वेळ, जागा, पाण्याची खोली, जिवंत की मेलेला. संध्याकाळी लेक ते सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून द्यायची. तेव्हापासून बंदरावर चिडवाचिडवी सुरू झाली, "काय मास्तर, आज हजेरीला किती डॉल्फिन?"

"समुद्रात नेमके किती डॉल्फिन उरलेत, कुणालाच ठाऊक नाही," मॅडम आता सांगत होत्या. "जाळ्यात किती मरतात तेही नक्की नाही. पण कळेपर्यंत नुसतं बसून राहता येणार नाही. म्हणून जिथे अडकल्याची नोंद आहे, तेवढं पाणी दोन हंगाम मासेमारीला बंद."

मास्तरच्या होडीचं इंजिन एवढंसं. त्या पाण्यापलीकडे जायचं म्हणजे जिवाशी खेळ.

"मॅडम, वही फक्त अभ्यासाला, असं म्हणाला होतात तुम्ही. आमच्या घरी बसून म्हणाला होतात."

"काका, तुमचं नाव कुठेही टाकलेलं नाही."

अख्ख्या सभागृहाने वळून त्याच्याकडे पाहिलं. नाव टाकायची गरजच काय होती?

मॅडम थोड्या वरमल्या. "आदेश वरून आलाय. पण दुसरीकडेही डॉल्फिन अडकतात हे आज कळलं, तर सगळ्यांचं थोडं थोडं पाणी पाळीपाळीने बंद ठेवता येईल. एकट्यावर येणार नाही. सांगा, कुणाला सापडलाय?"

मास्तरने बारक्याकडे पाहिलं.

बारक्या त्याचा सख्खा धाकटा भाऊ. त्याचं पाणी उत्तरेला, खडकांच्या पलीकडे. गेल्याच हंगामात तिथे त्याच्या जाळ्यात डॉल्फिनची मादी अडकली होती आणि हा पठ्ठ्या वायरलेसवर रडकुंडीला आला होता, "दादा, ये रे लवकर!" मास्तर गेला होता. "गाठी काय सोडत बसलायस! तिला वर येऊन श्वास घ्यायचाय. सुरी घे. आडवं काप, हातभर. जाळं काय, पुन्हा विणता येतं." मादी सुटली, फुस्स करून गेली, आणि बारक्या दादाच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडला. मग डोळे पुसत म्हणाला, "हे तुझ्या वहीत नको लिहूस दादा. माझं मी लिहीन."

"तुमच्याकडे?" मॅडमनी बारक्याला विचारलं.

बारक्याने वही उघडून दाखवली. कोरी करकरीत. "नाही बुवा. आमच्याकडे एकही नाही."

"बारक्या," मास्तर एवढंच म्हणाला.

"काय दादा? नाही तर नाही!" आणि तो आपल्या चपलांकडे असा बघत बसला, जणू त्या आजच कुणीतरी दिल्यात.

भर सभेत पाठच्या भावाला खोटं पाडायचं? मास्तर खाली बसला.

घरी हे ऐकून लेकीने आकाशपाताळ एक केलं. "मी लिहिते मॅडमना पत्र! काका एक नंबरचा खोटारडा आहे!"

"काका आहे तो तुझा."

"म्हणूनच तर जास्त राग येतोय, बाबा!"

होडी वाळूत ओढून ठेवली गेली. मास्तर धक्क्यावर बसून दुसऱ्यांची जाळी दुरुस्त करू लागला. हजेरीची थट्टा बंद झाली. लोक त्याच्या शेजारून जाताना उगाच घाईत असायचे.

अकराव्या दिवशी सकाळी बारक्या आला. खांद्यावर जाळं, नजर तिसरीकडेच.

"खडकाला फाटलं दादा. दुपारपर्यंत होईल?"

"ठेव."

तो लांब जाऊन उभा राहिला. मास्तरने जाळं मांडीवर पसरलं. खडकाला फाटलं की दोरे पिंजतात, लोंबतात. इथे एकेक दोरा सुरीने साफ कापलेला होता. आडवा. हातभर.

लेक शेजारीच उभी होती. तिने भोक पाहिलं, लांबच्या काकाकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. मास्तरने पटकन दोऱ्याचं रीळ तिच्या हातात दिलं.

"घट्ट धर. सोडू नकोस."

दुपारी जाळं तयार झालं. बारक्या न्यायला आला, तेव्हा मास्तरने घडी त्याच्यापुढे सरकवली आणि विणलेल्या जागेवरून एकदा अंगठा फिरवला.

"इथे बारीक दोरा घातलाय," तो मान वर न करता म्हणाला. "पुढच्या वेळी सुरी लवकर चालेल."

बारक्या जाळं छातीशी धरून उभाच राहिला. मास्तरने पुढचं जाळं ओढून घेतलं आणि सुईत दोरा भरायला लागला.