शिंगाळ्याचा अंगठा

नमिताला पगार मिळायचा तो खोटी बोटं बनवण्याचा. अंधेरीच्या एमआयडीसीत बोटांचे ठसे ओळखणारी यंत्रं बनवणारी एक कंपनी होती, आणि तिथे यंत्राला फसवून दाखवणं हे एकट्या नमिताचं काम होतं. यंत्र तिच्याकडून फसलं, तर बाहेरच्या चोराआधी भोक बुजवता येतं, इतकी साधी गोष्ट.

नव्या यंत्रानं मात्र तिला महिनाभर पाणी पाजलं होतं. ते कातडीचा ओलावा बघायचं आणि आतलं रक्तही. मेण, रबर, सुताराचा डिंक, सगळं त्यानं झिडकारलं. जिलेटिनचा पातळ पापुद्रा बोटावर चढवला, तर तो चार मिनिटांत वाळून तडकायचा.

यंत्र बनवणारे चंद्रप्रकाश सर खुशीत होते. "शुक्रवारी माल रवाना. तोपर्यंत हे यंत्र नाही फसवलंस, तर तुझ्या टेबलाची गरज काय? सोमवारपासून तू तक्रारींच्या फोनवर बस." वर त्यांनी दाताच्या डॉक्टरकडच्या लगद्यात आपला अंगठा दाबून साचाही दिला. "घे, माझाच घे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण सांगणार कोण? नमिता नुसती हसली. आतून मात्र तिचा संताप झाला होता. फोनवर बसणं वाईट नाही, पण हरून बसायचं? ते तिच्या रक्तात नव्हतं.

गुरुवारी सकाळी वर्सोव्याच्या घरी ती आदल्या दिवशीचा टोप घासायला बसली. तिची आई सगुणा बाजारात मासे विकायची, आणि न खपलेल्या शिंगाळ्याचं डोकं, पोटातली हवेची पिशवी, सगळं रश्शात टाकायची. टोपाच्या बुडाशी रस्सा थिजला होता. तेवढ्यात फोन आला. बोलणं संपवून नमिता बघते, तर अंगठ्यावर एक पातळ साय धरलेली. तिनं ती सोलली. सायीवर तिच्याच अंगठ्याच्या रेषा होत्या, आणि साय अजून मऊ होती.

टोप तसाच राहिला. आईनं विकायला काढलेल्या शिंगाळ्यांच्या पोटातल्या दोन हवेच्या पिशव्या तिनं काढल्या, मंद आचेवर विरघळेपर्यंत उकळल्या, फडक्यातून गाळल्या आणि तो चिकट रस पर्समधल्या सरांच्या साच्यात ओतला.

"काय गो, आता ऑफिसात हे खातात का?" सगुणानं विचारलं.

"खात नाहीत, आये. बोटात घालतात."

सगुणानं तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

शुक्रवारी दुपारी खोकी बांधून तयार होती. नमितानं डबा उघडला, पापुद्रा अंगठ्यावर बसवला आणि अंगठा यंत्रावर ठेवला. खालचं रक्त तिचं, ओलावा माशाचा, रेषा सरांच्या. हिरवा दिवा लागला. पडद्यावर नाव आलं, चंद्रप्रकाश. स्वतः चंद्रप्रकाश समोर चहा पीत उभे होते.

"पुन्हा कर," ते म्हणाले.

तिनं अर्ध्या तासात वीसदा केलं. अठरा वेळा हिरवा.

शेजारच्या टेबलावरच्या हर्षदनं नाक मुरडलं. "मच्छीचा वास येतोय यार."

"येणारच. शिंगाळा आहे. आमच्या आईच्या टोपातून आलाय," नमिता म्हणाली. दोन वर्षं ती लिंबानं हात घासूनच ऑफिसला यायची, घरी कोण काय विकतं ते कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगताना तिला जराही लाज वाटली नाही, उलट ऊर भरून आला.

सरांनी कप खाली ठेवला. माणूस हट्टी, पण कामाशी प्रामाणिक. त्यांनी स्वतः गोदामात फोन लावून गाडी थांबवली. मग खुर्ची ओढून तिच्या टेबलाशी, तिच्या बाजूला बसले.

"माल कधी सोडायचा?"

"हा अंगठा खोटा आहे, हे यंत्राला ओळखता आलं की."

"आणि ते कोण ठरवणार?"

"मी," नमिता म्हणाली, आणि दुसरा पापुद्रा काढायला डबा पुढे ओढला.