हवा, हवी, हवं

मित्रांनो, रत्नागिरीच्या मांडवीतल्या एका घराच्या ओटीवर भिंतीला टेकून मी उभा असतो. मी एक जुना फळा आहे, फणसाच्या लाकडाचा. रामा सुताराने मला घडवलं तेव्हा माझ्या अंगावर एक गाठ राहून गेली. पुढे ज्या ज्या मुलांनी माझ्यावर लिहिलं, त्यांचा खडू तिथे हमखास अडखळला.

मला घडवून घेतलं कुसुमबाईंनी. त्या शाळेत मराठी शिकवत आणि संध्याकाळी या ओटीवर शिकवणी घेत. ‘मला चहा हवा, मला भाकरी हवी, मला पाणी हवं,’ असं लिहून त्या विचारत, शब्द कोणाचं ऐकतो? मुलं एका सुरात सांगत, वस्तूचं. मागणारा मुलगा असो की मुलगी, ‘मला’ तसंच राहतं, बदलायचं ते हव्या असलेल्या वस्तूप्रमाणे. मुलांच्या आवाजाने ओटी दणाणून जाई. ते दिवस आठवले की अजून माझं लाकूड सुखावतं.

एवढ्या मुलांना मागायला शिकवणाऱ्या बाईंनी स्वतःसाठी मात्र कधी काही मागितलं नाही. यजमान लवकर गेले. मुलाला, अपूर्वला, त्यांनी एकटीने वाढवलं. तो पोलंडला नोकरीला गेला. फोनवर विचारायचा, आई, काही हवंय का? उत्तर ठरलेलं, मला काही नको.

शिकवणी थांबली आणि मी मागच्या खोलीत आडवा पडलो. आंब्याच्या दिवसांत माझ्यावर पेंढा पसरून हापूसची अढी लावत. एक कोपरा वाळवीने खाल्ला. अंधारात मी जुन्या मुलांचे आवाज आठवत पडून असे.

अपूर्वची बायको ओलेना युक्रेनची. तिकडे युद्ध पेटल्यावर तिची आई हालिना घरदार सोडून लेकीकडे आली. पण पोलंडची थंडी तिच्या गुडघ्यांना सोसेना, म्हणून थंडीपुरतं तिला रत्नागिरीला ठेवायचं ठरलं. तिला युक्रेनीखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. अपूर्व आणि ओलेना तिला घेऊन आले त्याच संध्याकाळी बाईंनी मला बाहेर काढलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि ओटीवर उभं केलं. ओलेनाला मोडकंतोडकं मराठी येई. बाई तिला म्हणाल्या, "आधी तुमच्या भाषेत मागायचं कसं ते मला शिकव. विहीणबाईंना काय हवं ते मला कळायला नको?"

ओलेनाने माझ्यावर लिहिलं. मेनी पोत्रिबेन ख्लिब, मला पाव हवा. मेनी पोत्रिब्ना वोदा, मला पाणी हवं. मेनी पोत्रिब्ने मोलोको, मला दूध हवं. बाई बघतच राहिल्या. ‘मेनी’ म्हणजे ‘मला’, आणि शब्द इथेही वस्तूचंच ऐकत होता. फक्त त्यांचं पाणी स्त्रीलिंगी होतं. "अगं, हे तर आपलंच व्याकरण," त्या म्हणाल्या. बऱ्याच वर्षांनी माझ्या अंगावर खडू भराभर चालला.

आठवड्याने अपूर्व आणि ओलेना परत गेले. हालिनाबाई पानात पडेल ते खात, आपलं ताट धुऊन ठेवत आणि मागच्या पायरीवर परसाकडे बघत बसत. मागत काहीच नसत. एका सकाळी त्या माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाल्या, "मेनी पोत्रिब्ना लोपाता."

लोपाता म्हणजे काय, ते बाईंना ठाऊक नव्हतं. पण ‘पोत्रिब्ना’ म्हणजे वस्तू स्त्रीलिंगी, एवढं कळलं. त्यांनी बशी आणली, उशी आणली, चादर आणली, शेवटी छत्रीही आणली. हालिनाबाई मान हलवत राहिल्या. मग त्यांनी खडू घेतला आणि माझ्यावर लांब दांडा आणि त्याला रुंद पातं असं चित्र काढलं.

बाई मटकन खाली बसून हसू लागल्या. "अहो, हे तर फावडं. आमच्याकडे ते नपुंसकलिंगी!"

युद्धात मागे सुटलेल्या घराभोवती हालिनाबाईंची बाग होती. हात रिकामे राहिले की त्यांना ती आठवे. शेजारच्या रावजीने फावड्यासोबत कुदळही दिली, आणि परसातल्या तांबड्या मातीत शेपू उगवला. बाई मूगडाळ घालून त्याची भाजी करत, हालिनाबाई तो कच्चाच उकडलेल्या बटाट्यांवर पसरत. रोज संध्याकाळी दोघी माझ्यासमोर बसून एकमेकींचे शब्द लिहीत.

थंडी सरली. हालिनाबाईंनी लेकीला सांगितलं, परक्या घरावर भार किती दिवस व्हायचं? बाईंनी मुलाला सांगितलं, त्यांना लेकीकडे जायचं असेल, मी कशी अडवू? तिकीट निघालं. बॅग ओटीवर आली. संध्याकाळी कोणी खडूला हात लावेना.

शेवटी बाई उठल्या. एकेक अक्षर जपून त्यांनी लिहिलं, ‘मेनी पोत्रिब्नी वी.’ मला तुम्ही हव्या आहात. मानाने लिहिलेलं, आदरार्थी अनेकवचनात. शेवटचं अक्षर माझ्या गाठीवर अडकलं, तरी त्यांनी ते पुरं केलं.

हालिनाबाईंनी ते वाचलं. मग तळव्याने शेवट पुसून त्यांनी दुरुस्ती केली, ‘पोत्रिब्ना ति.’ आणि आपल्या तोडक्या मराठीत म्हणाल्या, "तू. मला तू हवी."

तिकीट पुढे ढकललं. हालिनाबाईंनी आंबे खाल्ले आणि पावसाच्या तोंडावर त्या लेकीकडे गेल्या. आता रोज फोन असतो, दोघी एकमेकींना अगं-तुगं करतात. गेल्या खेपेला बाईंनी अपूर्वला बजावलं, दिवाळीला तुम्ही सगळे मला इथे हवे आहात. तो म्हणाला, येतो.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंना वाळवी लागली तरी ओरडता येत नाही. त्यांच्याकडे अधूनमधून बघा, ओलीपासून जपा. तुम्हाला मात्र तोंड आहे. हवं ते माणूस असेल तर त्याला वेळेत सांगा.

आज सकाळी माझा किडका कोपरा बाईंनी बोटाने चाचपला. मग कुंपणावरून हाक मारून म्हणाल्या, "रावजी, मला सुतार हवा. उद्या नको, आजच हवा."