शेमलेस

थोरलीच्या पोटात दुखत होतं, आणि ते दुखणं औषधानं बरं होण्यातलं नव्हतं. दोघी जावा एकाच लाँड्रीत मागच्या खोलीत इस्त्रीला उभ्या असायच्या. पुढच्या काउंटरवरची जागा रिकामी झाली होती. बसायला खुर्ची, डोक्यावर पंखा, वाफेचं नाव नाही. गिऱ्हाइकाशी इंग्रजीत बोलता आलं की झालं. थोरलीचे गुडघे आता बोलायला लागले होते, त्यामुळे ही जागा आपलीच, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. आणि धाकटीनंही अर्ज ठोकून दिला. "सहज हो, जाऊबाई. गंमत म्हणून," म्हणाली. गंमत म्हणे!

बरं, हिला इंग्रजीच्या वर्गाची वाट दाखवली कुणी? थोरलीनंच. आधी ती एकटीच जायची. संध्याकाळी मुलांच्या शाळेतल्या बुटक्या बाकांवर पाय दुमडून बसायची आणि एकेक वाक्य घोटून घोटून पाठ करायची. धाकटी मागाहून आली, चुकांची पर्वा न करता धडाधड बोलायला लागली आणि शिकवणाऱ्या बाईंची लाडकी होऊन बसली. "बघा, ही कशी न घाबरता बोलते!" बाई सगळ्या वर्गाला सांगायच्या. थोरलीचं व्याकरण अचूक असायचं, पण त्याचं कौतुक कुणाला? घरी नवरासुद्धा म्हणाला, "काही म्हण, तिची गाडी सुसाट आहे." त्या दिवशी थोरली त्याच्याशी धड बोलली नाही.

मुलाखतीच्या तयारीसाठी बाईंनी वर्गात जोड्या लावल्या. एकीनं मॅनेजर होऊन प्रश्न विचारायचे आणि चुका सांगायच्या, दुसरीनं उत्तरं द्यायची. एका घरातल्या म्हणून या दोघींचीच जोडी लागली. थोरलीनं मान डोलावली.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सराव सुरू झाला. "तुमचा चांगला गुण कोणता?" थोरलीनं मॅनेजरच्या थाटात इंग्रजीत विचारलं.

धाकटी ताठ बसली. गिऱ्हाइकाचं बोलणं कळलं नाही तर मी पुन्हा विचारते, असं तिनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं आणि वर जोडलं, "आय ॲम शेमलेस."

मग हसून म्हणाली, "म्हणजे मला विचारायला लाज वाटत नाही. शेम म्हणजे लाज, लेस म्हणजे नसलेली. बरोबर ना हो?"

थोरलीचे कान तापले. अगदी हीच चूक तिनं स्वतः एकदा केली होती. वर्ग सुटल्यावर बाईंनी तिला बाजूला घेऊन हळूच सांगितलं होतं, की हा शब्द म्हणजे निर्लज्ज. आता तिनं तेवढंच सांगायचं होतं. पण समोर धाकटीचा तो खुशीतला चेहरा होता, आणि तिच्या मागे थोरलीला काउंटरवरची खुर्ची दिसत होती.

"अगदी बरोबर," ती म्हणाली. "फक्त जरा ठासून म्हण."

मुलाखतीला थोरली आधी आत गेली. एकही वाक्य चुकलं नाही. मॅनेजरबाईंनी कागदावरून मान वर न करता "थँक यू" म्हटलं आणि ती बाहेर येऊन बसली. मग धाकटी गेली. थोड्या वेळानं दाराआडून मोठ्यानं हसू ऐकू आलं. गेली हिची नोकरी, असं थोरलीच्या मनात आलं आणि तिला बरं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

संध्याकाळी नोकरी धाकटीला मिळाल्याचा फोन आला.

जेवताना ती सगळ्यांना हसत हसत सांगत होती. "मी शेमलेस म्हटलं आणि मॅडम बघतच राहिल्या. विचारलं, म्हणजे काय? म्हटलं, मॅडम, कळलं नाही तर मी दहादा विचारीन, पण एकाचा कोट दुसऱ्याला देणार नाही. त्या इतक्या हसल्या! मग मला त्या शब्दाचा खरा अर्थ सांगितला. अहो जाऊबाई, किती भयंकर शब्द आहे तो!"

थोरलीनं ताटातला भात कालवायला घेतला.

"तुम्ही तरी काय करणार?" धाकटी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "तुम्हाला तरी कुठे ठाऊक होतं?"

"हिचं इंग्रजी बेताचंच आहे गं," थोरलीचा नवरा म्हणाला आणि भाजी वाढून घेतली.

थोरलीनं तोंड उघडलं. मला चांगलं ठाऊक होतं, हे वाक्य जिभेवर आलं होतं. इतकी वर्षं रात्रंदिवस घोटलेलं इंग्रजी, आणि ही सगळी तिला अडाणी समजून मोकळी होणार! पण ठाऊक होतं म्हटलं, तर पुढचा प्रश्न कोणता, हेही तिला ठाऊक होतं.

"नव्हतं गं," ती म्हणाली.

मग धाकटीनं खुर्ची जवळ ओढली आणि तो शब्द, त्याचा अर्थ, तो माणसाला कधी लावतात, सगळं तिला प्रेमानं, सावकाश समजावून सांगितलं. "आता माझ्या मागून म्हणा बघू," ती म्हणाली.

थोरलीनं म्हटला.