उपाशी असताना

धुळ्याच्या कॉलेजातल्या कम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढूनच जावं लागे. लीलाधरला ते आवडायचं, देवळात शिरल्यासारखं वाटायचं. पण त्या सोमवारी प्रिंटरनं करकरत कागद बाहेर टाकला, कम्प्युटर चालवणाऱ्या हिलालनं तो फाडून त्याच्या हातात दिला, आणि त्या गार फरशीवर लीलाधरचे पाय आणखीच गार पडले.

रोमन अक्षरांत मराठी छापलेलं होतं. माळ नाही, तर औषध लागू. माळ आहे, तर औषध लागू नाही.

"हे काय आहे, हिलाल?"

"मला काय विचारता? त्यालाच विचारा." हिलालनं पडद्याकडे बोट केलं. "मी त्याला एकही नियम शिकवला नाही. तुम्ही चार महिन्यांच्या ओळी आणून दिल्या, मी त्या भरल्या. वय, वजन, गाव, मात्रा, जेवणाच्या वेळा, सगळं त्यानं चाळून पाहिलं. सुधारलेले रोगी आणि न सुधारलेले रोगी सगळ्यात स्वच्छ कशावर वेगळे पडतात, तर माळेवर. जेवणाच्या रकान्याशेजारी तुम्हीच तो रकाना आखला होता ना, माळकरी आहे का म्हणून?"

"मटण-अंडी कोण खातं ते कळावं म्हणून आखला होता."

"मग कळलं. पांडुरंगाला तुमचं औषध मान्य नाही." लीलाधरचा चेहरा पाहून हिलाल वरमला आणि घरच्या बोलीवर आला. "भाऊ, मस्करी करी राहिनू. यंत्रले काय माहीत शे माळ आन् टाळ?"

लीलाधरनं शर्टाच्या आत हात घालून स्वतःच्या गळ्यातली माळ चाचपली. जळगावला तो औषधनिर्माण शिकवायचा. पिंप्राळ्यात घर होतं, आणि पंचक्रोशीत कुठेही कीर्तन असलं की स्कूटरला किक मारून पोहोचायचा. बुवांनी अभंगाचं चरण घोळवावं आणि याच्या डोळ्यांतून धारा लागाव्यात, असा मऊ माणूस. हातांत मात्र काटेकोरपणा होता. त्या हातांनी दोन वर्षं घालून त्यानं एक सरबत बनवलं होतं.

आजार दुर्मीळ होता. विल्सनचा आजार म्हणतात त्याला. आपण खातो त्या अन्नात थोडं तांबं असतंच, आणि धडधाकट माणसाचं शरीर जास्तीचं बाहेर टाकतं. या रोग्यांचं शरीर ते टाकत नाही. तांबं यकृतात साठतं, मग मेंदूत चढतं, हात कापतो, जीभ जड होते, लाळ गळते. लाखात एखाद्याला व्हावा असा हा आजार यावलच्या पट्ट्यात एका गोतावळ्यात चौदा जणांना निघाला, कारण तिथे मामाची मुलगी करायची चाल पिढ्यान् पिढ्यांची. परदेशी गोळ्या मिळत नव्हत्या, मुंबईला अर्ज पडून होता. जस्ताचा क्षार दिला तर तो आतड्यातच तांब्याला दारावर अडवतो. पण नुसतं जस्त पोटात ठरत नाही, उमळून येतं. ते ठरावं, बाटलीच्या तळाशी बसू नये आणि पोराच्या जिभेला सोसावं, म्हणून लीलाधरनं लिंबाच्या चवीचं सरबत बसवलं होतं. वैशाखापासून चौदाही घरांत ते सुरू होतं. पाच जण सुधारले होते. नऊ जणांच्या लघवीतलं तांबं हटायला तयार नव्हतं.

मंगळवारी जळगावच्या दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी तो कागद चष्मा वर करून वाचला.

"अर्थ आहे याला," ते म्हणाले. "निव्वळ शाकाहारी जेवणात जस्त अडकून पडतं. शोषलंच जात नाही. तुमचं यंत्र हुशार निघालं. शनिवारी बैठकीत मांडू. त्या माळकरी घरांतल्या बाटल्या तेवढ्या परत आणा."

"आणि मग त्यांना काय द्यायचं, सर?"

"मुंबईच्या गोळ्या."

"त्या यायला सहा महिने लागतील. त्या नवांतली कोकिळा सहा महिने काढणार नाही."

"लागू न पडणारं औषध देत राहणं हे पापच की नाही, लीलाधर? तुम्ही धर्म जाणणारे."

बुधवारी सकाळी रिकामी पिशवी खांद्याला लावून लीलाधर यावलच्या एसटीत बसला.

पोळा होऊन आठवडा झाला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी केळीची पानं पावसानं धुऊन चकचकत होती. खिडकीशी बसून तो मनातल्या मनात वाक्य जुळवत होता. अक्का, थोडे दिवस औषध थांबवू. अक्का, दुसरं औषध येतंय. एकही वाक्य खरं वाटेना.

धुरपदाबाईचं घर यावलच्या पुढे, केळीच्या वाफ्यांना लागून होतं. बाई पन्नाशीची, विधवा, कपाळाला बुक्का. या आजाराच्या सगळ्या गोतावळ्यात तिचा शब्द चाले. कोकिळा तिची धाकटी, पंधरा वर्षांची. गेल्या वर्षी नववीत असताना तिच्या हातात पेन राहीना, तेव्हापासून घरीच होती. डॉक्टरांनी तांब्या-पितळेची भांडी बंद करा म्हटल्याबरोबर धुरपदाबाईनं हंडा-कळशीच काय, देवाचं ताम्हणसुद्धा माळ्यावर टाकलं होतं आणि देवाला स्टीलच्या ताटलीत आंघोळ घालत होती. इतकं मनोभावे पाळणारं घर चौदांत दुसरं नव्हतं.

"या भाऊ, या. वक्तावर आले. बसा, पानं वाढूनच ऱ्हायले."

"अक्का, मी जरा बोलायला—"

"बोलनं पोटात घालून बोला. दुपारच्या पाऱ्यात कोनी उपाशी बोलत असते का?"

तिनं त्याच्यापुढे भरीत, कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा ठेवला. मग कोकिळेचं ताट आणलं. भगर होती, तिच्यावर शेंगदाण्याची आमटी, बाजूला मूठभर भाजलेले दाणे, गुळाचा खडा, दोन केळी. ताटाशेजारी सरबताची बाटली आणि चमचा.

लीलाधरचा घास हातातच राहिला.

"आज काय आहे, अक्का? एकादशी तर नाही."

"नाही."

"बुधवारचा उपास धरलाय हिनं?"

धुरपदाबाई हसली. "सायबांची गंमत आयका व माय! तुमीच तं लिहेल हाये. चार महिने झाले, पोरीनं धान्याचा दाना तोंडात नाही घेतला. सारा उपासच. पोरगी रडते, भाकर दे म्हनते, पन मी नाही देत. बाटलीवर काय लिहेल हाये?"

लीलाधरनं बाटली उचलली. चिठ्ठी त्याच्याच वळणदार अक्षरात होती. *दिवसातून तीन वेळा. उपाशी असताना घेणे.*

त्यानं बाटली खाली ठेवली.

"आणि दवा घेतली की कसं करता?"

"पोटात मळमळते तिच्या. मंग दवासंगं मूठभर दाने न् गूळ. उपासाले चालते ना ते!"

उपासाला चालतं. लीलाधरनं जन्मभर एकादशीला हेच खाल्लं होतं. भगर, साबुदाणा, दाण्याची आमटी पोटभर खाऊन ढेकर देत कीर्तनाला बसायचं, आणि कुणी विचारलं तर म्हणायचं, आज उपाशी आहे. कधी वाटलं नव्हतं की आपण खोटं बोलतो. आणि दर पंधरा दिवसांनी जळगावला या बायका आल्या की तो रजिस्टर उघडून विचारायचा, औषध उपाशी घेता ना? हो, भाऊ. तो लिहायचा, हो. चौदा रोगी, शंभरावर ओळी, सगळीकडे हो. एका रकान्यात सगळं सारखंच असलं तर यंत्र त्यातून काय शिकणार? ते बिचारं दुसरीकडे शोधत गेलं आणि माळेवर येऊन थांबलं. माळ नसलेल्या पाच घरांना उपासाची एवढी सवय नव्हती, त्यांनी सरळ रिकाम्या पोटी औषध घेतलं. माळेच्या घरांनी उपास धरला.

आणि दाणे! ज्या तांब्याला अडवायचं ते शेंगदाण्यात ठासून भरलेलं. दाण्यात आणि भगरीत जस्तही अडकून बसतं. दिवसातून तीन वेळा.

"कोकिळा," तो म्हणाला, "ताट जरा सरकव, बेटा. सकाळपासून काय खाल्लं?"

"क-काई नाही," तिची जीभ अडखळली. "च्या पेली. पाह्यटी."

"बरं झालं." त्यानं चमच्यात सरबत ओतलं. तिचा हात कापत होता, म्हणून स्वतःच तिच्या ओठांना लावलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून वीस मिनिटं. "आता तासभर काही नाही. पाण्याचा घोट फक्त. दाणे नाही, गूळ नाही, केळं नाही."

"आन् मंग?"

"मग भाकरी. रोजची भाकरी, वरण, भात. उपास नाही, अक्का. उपाशी म्हणजे मला रिकामं पोट म्हणायचं होतं."

धुरपदाबाईला कळायला थोडा वेळ लागला. ते कळणं तिच्या चेहऱ्यावर पायरी पायरीनं उतरताना लीलाधर बघत राहिला. बघवत नव्हतं, पण मान वळवणंही बरं नव्हतं.

"म्हंजे दान्यानं...?"

"दाण्यात तांबं असतं."

ती उठली, ताट उचलून आत घेऊन गेली. भांड्यांचा आवाज आला, मग काहीच आवाज आला नाही. परत आली ती पदरानं हात पुसत.

"भाकर मी नाही देऊ शकत, भाऊ. देवाजोळ सांगेल हाये. पोरीचा हात थिर होयेपर्यंत धान्य नाही, असा शबूद देयेल हाये. आता मोडू? आन् उद्या काही झालं तं?"

दवाखान्यात कुणी असं बोललं असतं तर मोठ्या डॉक्टरांनी दोन वाक्यांत उडवून लावलं असतं. लीलाधरला ते जमणार नव्हतं, कारण तिचा शब्द त्यालाही खराच वाटत होता.

"मोडू नका," तो शेवटी म्हणाला. "मला द्या. आजपासून तिचा उपास मी धरतो. तिचा हात थिर होईपर्यंत मी धान्य खाणार नाही. देवाला सांगा, घेणारा बदलला, उपास तोच आहे."

त्यानं पुढ्यातलं भरीत-भाकरीचं ताट हातानं मागे सारलं. धुरपदाबाईनं देवाच्या कोनाड्याकडे तोंड केलं, ओठ हलले. बराच वेळ हलत राहिले.

साडेबारा वाजता कोकिळेला मळमळू लागलं. तिनं पोट दाबून धरलं. कपाळावर घाम आला.

"माय, दोन दाने दे."

"नाही व बाई."

"येकच दे. येक!"

चार महिने पोरीला धान्यावाचून ठेवणारी ती बाई हे दहा मिनिटांचं उमळणं बघू शकेना. तिचा हात दोनदा डब्याकडे गेला. दोन्ही वेळा लीलाधरनं नुसती मान हलवली. तिनं डबा उचलून अंगणात नेऊन ठेवला आणि उंबऱ्यावरच बसली, घराकडे पाठ करून.

"भाऊ," ती न वळताच म्हणाली. "मीच सांगतलं व्हतं साऱ्याइले. नवाच्या नऊ घरी. वाचता येत नाही कोनाले, चिठ्ठी घेऊन माह्याजोळ आले. मी म्हनलं, उपास धरा."

"चिठ्ठी मी लिहिली होती, अक्का."

"मंग सुपडू?"

सुपडू तिच्या भावाचा नातू, नऊ वर्षांचा, त्या नऊ रोग्यांतलाच. आषाढात गेला होता. रजिस्टरमध्ये त्याच्या शेवटच्या ओळीतही लीलाधरच्याच अक्षरात होतं, हो.

त्याला सांगता आलं असतं की पोराचं यकृत आधीच गेलं होतं, आपण उशिरा पोहोचलो. ते खरंही असेल. कीर्तनात ऐकलेले शंभर धीराचे बोल त्याच्या ओठांशी आले, आणि त्यातला एकही त्याला उच्चारवेना.

"माहीत नाही, अक्का," तो म्हणाला. "देवाशपथ माहीत नाही. शनिवारी बैठकीत मी हेच सांगणार आहे. औषध नऊ घरांत रिकाम्या पोटी कुणी घेतलंच नाही, आणि ते माझ्या शब्दानं झालं."

"बाटल्या नेनार व्हते ना तुमी? पिशवी रिकामी आनेल हाये."

तो दचकला. तिच्या नजरेतून काही सुटत नव्हतं.

"न्यायला आलो होतो. आता नेत नाही."

त्यानं खिशातलं पेन काढलं, चिठ्ठीवरचा 'उपाशी' हा शब्द खोडला, आणि थांबला. त्याच्याजवळ भारी भारी शब्द होते. रिक्तोदर म्हणावं, अनशापोटी म्हणावं; साधं रिकाम्या पोटी लिहिलं तरी फराळ चालतो म्हणतील. तो लिहिणार आणि ही सांगणार, आणि सांगताना त्याचं पुन्हा काय होईल ते कोण जाणे.

"अक्का, तुम्हीच सांगा. पोटात काही म्हणजे काहीच नाही, दाणा नाही, फराळसुद्धा नाही, याला तुमच्यात काय म्हणतात?"

आत कोकिळा भिंतीला टेकून कण्हत होती.

"काय म्हनता भाऊ," धुरपदाबाई म्हणाली. "असं पोट ठेवाले कोनी सांगतच नाही ना आमच्यात. त्याले नाव काहून ठेवतीन?"

पेन तसंच हातात राहिलं. कोकिळेनं ओकारीचा उमाळा दोन्ही हातांनी तोंडावर दाबून गिळला, डोळ्यांत पाणी आलं, आणि औषध बाहेर आलं नाही. माय उठून तिच्याजवळ गेली, तिचं डोकं मांडीवर घेतलं. घड्याळात एकला पाच कमी होते. तास भरायला अजून पंचवीस मिनिटं होती.