समुद्रावरून खुर्सीपारला

मी नौदलाचं जुनं हेलिकॉप्टर बोलतोय. छत्तीसगडातल्या भिलाईत, खुर्सीपार वस्तीच्या वाटेवर, एका चौकात सिमेंटच्या चौथऱ्यावर उभा आहे. इथल्या पोरांनी समुद्र पाहिलेला नाही. ती मला 'जहाज' म्हणतात. मीही ऐकून घेतो.

माझा आराखडा परदेशी, बांधणी देशी. परवाना असा कडक, की एखादं भोक नखभर सरकवायचं तरी साहेबांच्या देशातून होकार यावा लागे. तो येईपर्यंत भोक पाडणारा कारागीर निवृत्त झालेला असे. पुढे तिकडच्यांनी माझी जात बनवणंच सोडून दिलं. तिकडची भावंडं संग्रहालयात आरामात बसली. इकडे मी रोज उडत होतो. आमच्याकडे मला कुणी जुना म्हणत नसे, 'भरवशाचा' म्हणत.

माणिक खुर्सीपारचाच. वडील रेल्वेत, मूळचे नागपूरकडचे. तो नौदलात भरती झाला आणि माझ्या दारातून दोराला लटकून बुडत्या माणसांना उचलायचं काम त्याच्याकडे आलं. आईला, दुर्गाबाईंना, त्यानं फोनवर सांगितलं, "पंखे दुरुस्त करतो." माझ्या डोक्यावर पंखा आहे, तेव्हा अगदीच खोटं नव्हतं.

एका वादळात मच्छीमारांची होडी उलटली. माणिक दोरावरून खाली उतरला. एका म्हाताऱ्याला त्यानं मिठीत धरलं, आणि नेमकं तेव्हाच माझं इंजिन अडखळलं. मी पाण्याकडे घसरू लागलो. अशा वेळी काय करायचं ते परदेशी पुस्तकात स्पष्ट होतं: दोर तोडा, हेलिकॉप्टर वाचवा. त्यासाठी बटणही दिलेलं होतं. वैमानिक केदारसाहेबांनी त्यावर बोट ठेवलं.

ठेवलं, पण दाबलं नाही. इंजिनानं पुन्हा दम धरला. दोघं वर आले.

किनाऱ्यावर साहेबांनी माणिकला सगळं खरं सांगितलं. माणिक हसला. मग त्यानं ओला दोर नीट गुंडाळून जागेवर ठेवला.

यथावकाश मीही निवृत्त झालो आणि ट्रेलरवर चढून इथे आलो. मला पोहण्याच्या तलावासारखा निळा रंग फासला. उद्घाटनाला समुद्रावर लांबलचक भाषण झालं. मग माइकवरून पुकारा झाला, "रस्सी से लटककर जान बचाने वाले, हमारे भिलाई के माणिक!"

पहिल्या रांगेत माणिकशेजारी बसलेल्या दुर्गाबाई ताडकन उठल्या. "रस्सीले लटकत होता तू? तू तं पंखे दुरुस्त करतो म्हणे!"

"पंखाच हाय नं आई, जरा मोठा."

त्या हसल्या नाहीत. "काऊन नाही सांगितलं मले?"

"तुले झोप नसती आली."

"आता येईन का?"

त्या तरातरा माझ्यापाशी आल्या. दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिली. मग हळूच म्हणाल्या, "रस्सी तं पक्की राहे नं रे?"

माणिकनं एकदा माझ्याकडे पाहिलं. "एकदम पक्की, आई. विलायती होती."

दुर्गाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्या पोटावरून हात फिरवला, गायीच्या पाठीवरून फिरवावा तसा.

आता त्या रोज संध्याकाळी माझ्या सावलीत येऊन बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला लेकाची गोष्ट सांगतात. तुम्ही इकडे आलात तर जरूर भेटा, हवे तेवढे फोटो काढा. फक्त एक विनंती आहे. त्यांनी दोराबद्दल विचारलंच, तर माणिकनं सांगितलं तेवढंच सांगा.